पाणी थंड होतं

गोरक्षमामा साक्ष द्यायला उभे राहिले की हॉलमधले पंखे आपोआप हळू होतात, असं ख्रिस्ती मंडळीतले लोक शपथेवर सांगत. विश्वासी माणसानं शपथ घेऊ नये, हे खरं; पण गोरक्षमामांच्या साक्षीपुरती तेवढी सूट होती.

नाशिकरोडला टाइल्सच्या एका दुकानावर पत्र्याचा तो हॉल. खाली सतरंज्या, पुढं प्लायवुडचं स्टेज, मागं निळा पडदा. त्या पडद्यासमोर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेला हा बासष्ट वर्षांचा माणूस उभा राहायचा आणि पांढऱ्या शर्टाची डावी बाही हळूहळू वर सरकवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा वण. गुळगुळीत, चकाकता, उन्हात विसरलेल्या प्लास्टिकसारखा आक्रसलेला. बाही कोपराला पोचेपर्यंत गोरक्ष अक्षर बोलायचा नाही. मग माइक ओठांशी आणून, आवाज खाली उतरवून म्हणायचा, "हे माझ्या सख्ख्या वहिनीनं केलं. का केलं? तर मी प्रभूला हो म्हणालो."

पुढची वीस मिनिटं कुणी खोकायचं नाही. तान्ही पोरं रडायची विसरायची.

सव्वीस वर्षांत ही साक्ष चांगली पोसली गेली होती. पहिल्या वर्षी पाणी नुसतं गरम होतं. दुसऱ्या वर्षी त्याला उकळी फुटली. कळवणच्या मांडवात हंडा तांब्याचा झाला, विंचूरच्या सभेत पाण्यात मीठ पडलं, आणि एका नाताळात तर पाणी जाऊन तिथं तेल आलं. पण एवढ्या तेलानं माणूस वाचत नाही, असं मंडळीतल्या एका नर्सबाईंनी बजावल्यावर पुन्हा पाण्यावर यावं लागलं. वहिनीसुद्धा वाढत गेली. मूळची बाई साडेचार फुटांची. साक्षीत ती दारातून वाकून आत यायची आणि भरलेला हंडा एका हातानं उचलायची. पास्टर किशोर यांनी दीड वर्षापूर्वी ही साक्ष यूट्यूबवर टाकली. नाव दिलं, 'वहिनीने अंगावर ओतले उकळते पाणी! तरीही...' पुढची तीन टिंबं पास्टरांची स्वतःची.

खरं काय ते तीन माणसांना ठाऊक होतं. गोरक्ष, त्याची बायको सुवर्णा, आणि मखमलाबादच्या मळ्यातली ती वहिनी, कुसाबाई. चौथा वर बसलेला. पण साक्ष चालू असताना तो कधी मध्ये बोलला नाही. सुवर्णाही बोलली नाही. साक्ष सुरू झाली की ती चहाचं बघायला उठायची. सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याची साक्ष एकदाही शेवटपर्यंत ऐकली नव्हती, आणि मंडळीला वाटायचं, बिचारीला सोसवत नाही.

तर खरं असं होतं. शहाण्णव सालचा पौष. गोरक्ष तेव्हा चौतीसचा. रात्रपाळी करून, वाटेत दोन क्वार्टर रिचवून तो सकाळी मळ्यात आला. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. वहिनी म्हणाली, "जरा दम धर, तुझ्या दादाचं होऊ दे आधी." एवढ्यावरून त्यानं चुलीला लाथ घातली. हंडा कलंडला तो त्याच्याच अंगावर. कुसाबाईनं त्याला ढकललं आणि ती मध्ये गेली. पाणी तिच्या मानेवरून, पाठीवरून, उजव्या खांद्यावरून उतरलं. गोरक्षच्या हातावर आलं ते उरलंसुरलं.

अकरा दिवस ती दवाखान्यात पालथी पडून होती. पोलीस जबाबाला आले तर म्हणाली, पाय घसरला. नवऱ्याला, गोटीरामला, तेच सांगितलं. सासूलाही तेच. खरं कळलं असतं तर गोटीरामनं भावाला शेवंतीच्या वाफ्यात गाडला असता. ती लग्न होऊन आली तेव्हा गोरक्ष सात वर्षांचा होता. त्याचं शेंबडं नाक तिनं पुसलं होतं, त्यामुळे हेही पुसलं. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. फुलांची पाटी डोक्यावर घेणं सुटलं. अंबाडा आधी सासूनं घातला, मग सुनेनं, आता नात घालते.

दोन वर्षांनी गोरक्षची दारू सुटली, बाप्तिस्मा झाला. दारू सुटली हे मात्र सोळा आणे खरं. घरी सांगितलं तेव्हा गोटीराम म्हणाला होता, "सुटत असंल तर कुणाच्याबी पाया पड, माझी ना नाय." वहिनीनं बाप्तिस्म्याला घालायला पांढरा शर्ट शिवून दिला होता. आता असल्या साक्षीला आमेन कोण म्हणणार? बाप्तिस्म्याच्या दिवशी हॉलमध्ये एकेक जण साक्षीला उठत होता. कुणाला बापानं घराबाहेर काढलेलं, कुणाचं पाणी गावानं तोडलेलं. गोरक्ष उठला आणि सांगण्यासारखं काहीच नसल्यानं नुसता उभा राहिला. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकानं त्याचा हात पाहिला. "ब्रदर, हे घरच्यांनी केलं का?"

गोरक्षनं मान डोलावली. नुसती मान. हॉलभर एक हुंकार उठला, शंभर माणसांचा. देशी, विदेशी, मोहाची, सगळ्या प्रकारची पिऊन झालेल्या त्या माणसाला तो हुंकार पहिल्याच घोटाला चढला.

*

फोन जानेवारीत आला. कुसाबाईची नात, तेजस्विनी. नर्सिंगला आहे.

"आजोबा, मखमलाबादहून बोलतेय."

"बोल बाळा. आजी बरी ना?"

"तुमचा व्हिडिओ पाहिला. त्यातली वहिनी म्हणजे आमचीच आजी ना? की तुम्हाला आणखी कुणी वहिनी आहे?"

गोरक्षनं कप बशीत ठेवला.

"कॉलेजातल्या एका मुलीनं पाठवला मला. म्हणाली, बघ गं, कसल्या कसल्या बायका असतात. तिला काय माहीत मी रोज सकाळी कुणाच्या पाठीला खोबरेल लावते."

"आजीला... दाखवलास?"

"दाखवला. तिनं पूर्ण पाहिला. दोनदा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आवाज चांगला झालाय त्याचा."

त्या आठवड्यात गोरक्षला जेवण जाईना. आणि येणारा रविवार महिन्यातला पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा. मंजुषाताई दर मोसमात काळी द्राक्षं उकळून, फडक्यातून गाळून रस करून ठेवायच्या. तो इवल्याशा प्याल्यांतून ट्रेमध्ये फिरायचा. भाकर फिरवण्याआधी पास्टर दर वेळी बजावत, की कुणाचा अपराध करून, तो न मिटवता हे खाल, तर ते पोटात दंड होऊन बसेल. सव्वीस वर्षं गोरक्षच्या पोटात ते मुकाट पचलं होतं. त्या रविवारी ट्रे त्याच्यासमोर आला आणि एकवीस प्याल्यांत त्याला एकवीस वेळा उकळी फुटलेली दिसली. त्यानं ट्रे तसाच पुढं सरकवला.

वहिनीनं एकदा "जा, सोडलं" म्हणावं. मग प्याला हातात घेता येईल. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही नको होतं.

उपासना संपल्यावर त्यानं पास्टरांना खुर्च्या ठेवायच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. पास्टर किशोर चाळिशीचे, गोरेपान. कधीही रागावले तरी प्रार्थना करतायत असंच वाटावं असा चेहरा. त्यांनी डोळे मिटले, गोरक्षच्या डोक्यावर हात ठेवला, दोन मिनिटं प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाले, "झालं, मामा. प्रभूनं क्षमा केली. समुद्रात टाकलं सगळं. आता तिथं गळ टाकून बसू नका."

"पण वहिनीनं कुठं केलीय?"

"त्या विश्वासात नाहीत ना अजून."

"भाजली तेव्हापण नव्हती."

पास्टरांनी दार लोटून घेतलं. "मामा, तुमच्या साक्षीनं किती आत्मे आले, माहितेय? कळवणच्या एका मांडवात एकोणचाळीस. ते आता कोवळ्या रोपासारखे आहेत. तुम्ही उद्या म्हणालात की हे खोटं होतं, तर त्यांनी काय करायचं? देवाजवळ बोला. घरात बोला. दार लावून बोला."

गोरक्षला हे अर्धं पटलंसुद्धा. पण घरी त्यानं हे सांगितल्यावर सुवर्णा ताट वाढता वाढता म्हणाली, "खोटं सांगताना दार उघडं होतं ना?"

*

मखमलाबादला तो बुधवारी गेला. अंगणात झेंडूचे क्रेट ओळीनं मांडलेले. कुसाबाई गोणपाटावर बसून हार ओवत होती. सुई डाव्या हातात, उजवा मांडीवर निवांत. सत्तरी उलटलेली, आणखी बारीक झालेली. साक्षीतली बाई या बाईला काखेत घालून नेऊ शकली असती.

"या भाऊजी," ती म्हणाली. आयुष्यभर तिनं त्याला 'गोरख' नि 'तू' म्हटलं होतं.

तो समोर उकिडवा बसला. शेजारच्या मळ्यात माणसं होती, म्हणून हळू आवाजात म्हणाला, "वयनी, माझं चुकलं."

"काय म्हनता?"

"चुकलं माझं. माफ करा."

"ऐकू नाय येत. वय झालं."

"माफ करा म्हणतोय," तो थोडं मोठ्यानं म्हणाला आणि शेजारच्या मळ्याकडं पाहिलं.

कुसाबाईनं सुई झेंडूत खुपसली. "माझं नाव घेऊन बोंबलायला मांडव घातला, कर्णा लावला. आन माफी मागायला आले ते शेळीच्या कानात बोलल्यावानी. लोक ऐकतील म्हून भेव वाटतं?"

"तसं नाय..."

"मी पोलिसाला खोटं बोलले भाऊजी. नवऱ्याला खोटं बोलले. तो मरंपर्यंत मला म्हनायचा, लय धांदरट बाई हायेस तू, उभ्या चुलीवर पडलीस. ऐकून घेतलं. कुनासाठी?"

गोरक्ष रडू लागला. कुसाबाई दोन फुलं ओवेपर्यंत थांबली.

"रडू नका. तुमचं रडनंबी पाह्यलंय मी त्या मोबाईलात, आता खरं कोन्तं ते कळंना. जितं सांगितलं तितं सांगा. जितक्या गावांत माझं पानी उकळवलं, तितक्या गावांत. मग या."

"मग माफ कराल?"

"ते मग बघू," ती म्हणाली आणि आत तोंड करून ओरडली, "तेजू, च्या टाक. पावनं आल्यात."

पाहुणे. ज्या घरात तो जन्मला तिथं त्यानं पाहुण्याचा चहा घेतला आणि कपबशी न विसळता, पाहुण्यासारखीच ठेवून निघाला.

*

मार्चच्या पहिल्या रविवारी त्यानं बाही वर केली नाही. बटण लावलेल्या बाहीनं तो स्टेजवर गेला, माइक घेतला आणि म्हणाला, "सव्वीस वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललोय. माझ्या वहिनीनं मला भाजलं नाही. मी तिला भाजलं."

पास्टर किशोर अर्धे उठले. सुवर्णा चहाला उठली होती ती दारातच थांबली.

इथवर सगळं ठीक होतं. हे बोलून तो खाली बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि बरी संपली असती. पण समोर दीडशे माणसं श्वास रोखून होती. पंखे हळू झाले होते. त्यानं पुढं सांगितलं, हंडा, चूल, लाथ, वहिनीचं मध्ये येणं. आणि "ती दवाखान्यात पडून होती," असं म्हणून तो क्षणभर थांबला. अकरा दिवस. जिभेवर आकडा आला होता. अकरा दिवस म्हणजे काय, कावीळसुद्धा त्याहून जास्त असते.

"चाळीस दिवस," गोरक्ष म्हणाला.

हुंकार उठला. तोच. जुना, ओळखीचा.

मग त्याला आवरेना. डॉक्टरांनी दोनदा हात टेकले. मखमलाबादच्या आयाबायांनी शेवटचं लुगडं आणून ठेवलं. आणि हा पापी, हा गोरक्ष, चाळीस दिवस तिच्या पायांशी बसून अश्रूंनी ते पाय धूत होता. आपण हे काय बोलतोय ते त्याला त्या घडीला स्वच्छ कळत होतं. ब्रेक नाही हे कळूनही उतारावर सायकल सुटावी तसा तो बोलत गेला. शेवटी गुडघ्यांवर पडला, तेव्हा टाळ्यांनी पत्रे वाजले. मंजुषाताई हुंदके देत होत्या. पास्टर किशोर स्टेजवर आले, त्याला मिठी मारली आणि माइकमध्ये म्हणाले, "अशी नम्रता! कोण करतं आज अशी कबुली? बोला, हालेलुया!" तीन तासांत नवा व्हिडिओ चढला. 'सव्वीस वर्षांनंतर उघड झाले ते सत्य...'

ट्रे फिरला तेव्हा त्यानं हात पुढं केला, मागं घेतला. वहिनीचं अजून बाकी होतं.

घरी जाताना रिक्षात सुवर्णा म्हणाली, "अकरा."

गोरक्ष बाहेर बघत राहिला.

"अकरा दिवस होत्या त्या. डबा मी नेत होते. तुम्ही एक दिवस आला नाहीत. एकलहऱ्याला ओव्हरटाइम करत होता." थोड्या वेळानं म्हणाली, "दारू परवडली. ती निदान रात्री उतरायची."

मंजुषाताईंनी मंगळवारी फोन केला. वहिनींना भेटायला जायचं. त्यांच्या वणावर हात ठेवून प्रार्थना करायची. समेट सगळ्यांसमोर व्हावा. पुढच्या रविवारी दुपारी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलीय, गिटारवाला येतोय.

"नको ताई," गोरक्ष म्हणाला. "त्यांना आवडायचं नाही."

"मामा, तुम्ही फक्त रस्ता दाखवा."

आणि त्यानं रस्ता दाखवला. पुढच्या सीटवर बसून, डावीकडं, आता उजवीकडं, कॅनॉलवरून सरळ. मनाच्या तळाशी त्याला दिसत होतं की वहिनी उठते, त्याला 'गोरख' म्हणते, जवळ घेते. आणि कुणीतरी ते मोबाईलवर घेतंय, हेही दिसत होतं.

*

कुसाबाई अंगणात फुलं ओली करत होती. दुपारच्या झेंडूवर पाणी मारलं नाही तर संध्याकाळपर्यंत तो मान टाकतो. विहिरीचं पाणी भरलेली बादली शेजारी, हातात तांब्या. अकरा माणसं, एक गिटार आणि दोन मोबाईल फाटकातून आत आले तरी ती शिंपतच राहिली. सगळ्यांना बघून झाल्यावर गोरक्षकडं बघून म्हणाली, "चाळीस दिवस?"

तेजस्विनी दारात हाताची घडी घालून उभी होती. म्हणजे नवा व्हिडिओही बघून झाला होता.

"मी चाळीस दिवस पडून ऱ्हायले असते तर शेवंती कुनी खुडली असती? बाराव्या दिवशी वाफ्यात होते मी, पाठीला केळीचं पान बांधून." तिनं तांब्या बादलीत टाकला. "आन पायाशी बसला व्हता म्हने. मी पालथी व्हते भाऊजी. मला पाय दिसत नव्हते. पर मानसाचा श्वास ऐकू येतो. अकरा दिवस ऐकत व्हते, कवा येतो म्हून."

"वयनी..."

"मी म्हनलं व्हतं, सांगा. सांगायला येत नाय का तुमाला? नुसतं झालं तेवढं?"

पास्टर किशोर हात जोडून पुढं झाले. "आई, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करायला आलोय. गोरक्षमामा पूर्ण बदललेत."

"ते दिसतंय. कर्णा तेवढा तसाच हाय."

गिटारवाल्यानं, त्याला वाटलं ही योग्य वेळ आहे, एक तार छेडली. मंजुषाताई रडतच पुढं आल्या. बाई मनानं चांगली. चांगुलपणाला थांबायचं कळत नाही एवढंच. "आई, एकदा बघू द्या. फक्त हात ठेवते. देव बरं करील," म्हणत त्यांनी कुसाबाईच्या मानेवरच्या पदराला हात घातला. मागं दोन्ही मोबाईल वर गेले.

सव्वीस नाही, अठ्ठावीस वर्षं तो पदर परक्या माणसासमोर तिथून हलला नव्हता. नवऱ्यानंसुद्धा दिव्याच्या उजेडात ती पाठ पाहिली नव्हती.

गोरक्ष मध्ये गेला. कसा गेला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं मंजुषाताईंचा हात झटकला, त्यांना मागं लोटलं आणि तो वहिनीकडं वळला, त्याच वेळी कुसाबाईनं डाव्या हातानं बादली उचलून कमरेच्या उंचीवरून जे अंगणात घुसले होते त्यांच्या अंगावर फेकली. अख्खी बादली गोरक्षच्या छातीवर फुटली. झेंडूच्या चार पाकळ्या त्याच्या पांढऱ्या शर्टाला चिकटल्या. पाणी विहिरीचं होतं, दात वाजावेत इतकं गार.

बादली घरंगळत जाऊन क्रेटला थडकली.

कुसाबाई धापा टाकत होती. "हां," ती म्हणाली. "झालं आता खरं. जा गोरख. जा आन सांग समद्यांला, कुसाबाईनं पानी टाकलं. आता तुझं खोटं नाय."

गोरख म्हणाली होती. त्यानं ओल्या अंगानं हात जोडले. "वयनी, माफ कर गं मला."

"ते तुझ्या वरच्याकडं माग. तो लगीच देतो म्हने, दोन मिन्टांत. माझ्याकडं नाय एवढं."

तेजस्विनी टॉवेल घेऊन निघाली होती. आजीनं तिला हातानंच थांबवलं. "असू दे. वाळंल."

*

परतताना ट्रॅव्हलर आडगाव नाक्यावर आली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काय छळ आहे पण हा." दुसरं म्हणालं, "अजूनही चालूच आहे बघा." पुढच्या सीटवर गोरक्षच्या शर्टातून पाणी टपकत होतं.

त्या रविवारी पाणी थंड होतं. ईस्टरपर्यंत ते कोमट झालं. पावसाळ्यात मंडळीत नवीन आलेल्या लोकांना कळलं की गोरक्षमामा क्षमा मागायला गेले असताना त्यांच्यावर गरम पाणी फेकण्यात आलं, आणि दिवाळीच्या सुमाराला त्याला छान उकळी आली. या खेपेला गोरक्षनं जाळाला काडीही घातली नव्हती. उलट विषय निघाला की तो उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पाणी थंड होतं. विहिरीचं. आणि ती अकरा दिवस होती. मी एकदाही गेलो नाही." एवढं बोलून खाली बसायचा. पहिल्यांदा टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा थोड्या. मग माइक त्याच्याकडं यायचा बंद झाला, तर तो माइकशिवाय सांगू लागला. पंखे आपल्या वेगानं फिरत राहायचे. लहान पोरं रडायची. सुवर्णा मात्र आता चहाला उठायची नाही.

पहिल्या रविवारी ट्रे आला की तो पुढं सरकवायचा. मामांनी कसलं तरी मोठं व्रत धरलंय, अशी एक कुजबूज मंडळीत होतीच.

जितक्या गावांत, असं वहिनी म्हणाली होती. त्यानं आठवून आठवून नावं काढली तर एकोणीस भरली. डिसेंबरात विंचूरची सभा होती. त्याला तीन मिनिटं मिळाली. त्यानं आपलं सांगितलं, थंड, विहिरीचं, अकरा, एकदाही नाही. आणि उतरायला लागला तर पुढच्या रांगेतला वाइन पार्कमध्ये कामाला असलेला वाल्मीक नावाचा माणूस उठला.

"नाही मामा. तुम्ही विसरलात. उकळतं होतं. मीठ टाकलेलं होतं त्यात. मी तुमच्याच तोंडून ऐकलंय, याच मैदानात. त्या दिवसापासून मी विश्वासात आहे."

"ते खोटं होतं."

"असं कसं होईल?" वाल्मीक कळवळून म्हणाला. "मी रडलो होतो."

गोरक्ष स्टेजवरून उतरला. तो एसटी स्टँडवर आला, बाकावर बसला आणि मखमलाबादला फोन लावला.

"तेजू, आजीला सांग, विंचूर झालं."

पलीकडं तेजस्विनी काहीतरी म्हणाली, मग दुरून एक आवाज आला. "आजी विचारतेय, किती लोक होते?"

"शे-सव्वाशे होते," गोरक्ष म्हणाला.

एक गाडी सुटली, कंडक्टरनं दार आपटलं.

"थांब," तो म्हणाला. "तेवीस. तेवीस होते. दोघं झोपले होते."

तेजस्विनीनं ते आत सांगितलं. तो कानाला फोन दाबून थांबला.

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही," तेजस्विनी म्हणाली. "फुलं ओली करतेय."